टक्केसाहेबांचे सीलबंद लिफाफे

काचेच्या बाटल्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात चारशे माणसं कामाला होती आणि त्यांतल्या एकालाही टक्केसाहेब आवडत नसत. हे म्हणणं जरा अन्यायाचं आहे, कारण गेटवरचा वॉचमन त्यांना निदान नमस्कार तरी करी. टक्केसाहेब म्हणजे स्टोअरकीपर. भट्टीच्या पलीकडे पत्र्याखाली त्यांची खोली, खोलीला जाळीची खिडकी, खिडकीला वीतभर फळी. त्या फळीमागे हा माणूस चौतीस वर्षं असा बसला, की आतला माल यांच्या वडिलांनीच कमावून ठेवला असावा. भट्टीवरचा कामगार हातमोजे मागायला आला की साहेब म्हणत, आधी जुने दाखवा. जुने दाखवले की ते उलटे करून एकेक बोट ताणून बघत. "अंगठा शाबूत आहे. अजून आठवडा निघेल." समोरचा तळहातावरचा फोड दाखवी. साहेब म्हणत, "फोड माझ्या रजिस्टरात येत नाही." वर्षअखेरीला दोन-अडीचशे नवेकोरे हातमोजे कपाटात तसेच पडून असत. त्यांना कसर लागे आणि साहेब ती शिल्लक वरिष्ठांना छाती फुगवून दाखवत.

एका वर्षी त्यांना त्याबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं. ते त्यांनी घरात आरशाच्या वर टांगलं. केस विंचरताना मान जरा वर केली की साहेबांना स्वतःचं कौतुक वाचता येई, आणि ते रोज वाचत.

टक्केसाहेब हे नाव मात्र कारखान्यातलं नाही, घरातलं. ते त्यांच्या धाकट्याने, म्हणजे मुलाने, तेराव्या वर्षी ठेवलं आणि तिथून ते कारखान्यात पोचलं. त्याचं असं झालं.

कारखान्यात प्रत्येकाचं निवृत्तीच्या बचतीचं खातं असे. पगारातून दरमहा काही कापलं जाई, तेवढीच भर मालक घाली, आणि या खात्याला सगळे नुसतं फंड म्हणत. फंडाला एक वारसाचा फॉर्म जोडलेला असे. निवृत्त होण्याआधीच आपण गेलो, तर पैसे कुणाला किती टक्के द्यायचे, ते त्यात लिहायचं. शहाणा माणूस हा फॉर्म एकदा भरतो आणि आपल्या कामाला लागतो. साहेबही तोवर तसेच होते. पण एक दिवस कारखान्यातला एक फिटर अचानक गेला, आणि पंधरा दिवसांनी त्याच्या घरची सहा माणसं फंडाच्या खिडकीसमोर येऊन उभी राहिली. बायको, दोन भाऊ, भावजय, बहीण आणि कुठला तरी लांबचा पुतण्या. कारकून फाइलची गाठ सोडत होता आणि सहाही जण श्वास रोखून त्याच्या बोटांकडे बघत होते. साहेब तेव्हा रजिस्टर घेऊन मागे उभे होते. जिवंतपणी त्या फिटरला या सहांपैकी कुणी बस म्हटलं नसेल, आणि आता त्याच्या एका कागदासाठी सहा जणांच्या घशाला कोरड पडली होती. दुसऱ्या कुणाला अशा वेळी वाईट वाटलं असतं. साहेबांच्या मनात आलं, की हा मान आपल्याला मरेपर्यंत थांबून कशाला घ्यायचा?

त्यांनी कारकुनाला विचारलं, "हा फॉर्म किती वेळा बदलता येतो?"

कारकून सरळ माणूस होता. म्हणाला, "कितीही वेळा. तुमचा पैसा, तुमची मर्जी." आपण माकडाच्या हाती कोलीत देतोय, हे त्या बिचाऱ्याच्या गावीही नव्हतं.

त्या रविवारी साहेबांनी जेवणाच्या टेबलावरचं मेणकापड पुसून घेतलं, कोरा फॉर्म पसरला आणि बायको-मुलांना समोर बसवून वाचून दाखवलं. बायको पन्नास, थोरली मुलगी पंचवीस, धाकटा पंचवीस. "पण हे कायमचं नाही," असं ते म्हणाले. "ज्याचं जसं वागणं, तसे त्याचे टक्के." थोरली तेव्हा चार वर्षांची होती आणि धाकटा दोन वर्षांचा. तो टेबलाखाली बसून चमचा चाटत होता.

मग सुरू झालं ते सव्वीस वर्षं चाललं. भाजीत मीठ जास्त पडलं, बायकोचे पाच गेले. ते थोरलीला मिळाले, कारण तिने बाबांचा चष्मा शोधून दिला. महिन्याभराने थोरली उलट बोलली, तिचे सात गेले. साहेबांच्या बहिणीचा मुलगा राहायला आला, त्याने भिंतीवरच्या प्रशस्तिपत्रासमोर दोन मिनिटं उभं राहून मान डोलावली, तर त्या भाच्याला खुशाल दहा मिळाले. बाकीची मुलं बेरीज-वजाबाकी शाळेत शिकतात, ही दोघं ती जेवताना शिकली. धाकटा एकदा म्हणाला, "बाबा, चष्मा मीच लपवला होता आणि ताईला मीच सांगितला. निम्मे टक्के माझे झाले ना?" तर त्याचे निम्मे उडाले. त्याच दिवशी त्याने बापाचं नाव टक्केसाहेब ठेवलं.

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, म्हणतात, त्यातली गत. माणूस ठणठणीत, बत्तिशी जागेवर, जिना दोन-दोन पायऱ्या एकदम चढणार, आणि घरात याच्या मरणाची वाटणी चाललेली. मोठा आजारी तरी पडला असता तर त्या कागदाला काही अर्थ आला असता. तेवढंही कधी केलं नाही.

फॉर्म भरून झाला की साहेब तो लिफाफ्यात घालत, लाखेचं सील लावत आणि वर तारीख टाकून लिहीत, 'गोपनीय. माझ्या मृत्यूनंतरच उघडावे.' आपली वाटणी कारखान्यात कुणाला कळली तर लोक आपल्या घरात डोकावतील, अशी त्यांना भीती. सील लावण्याआधी दोन साक्षीदारांच्या सह्या लागत, त्यासाठी ते वॉचमनला आणि कँटीनवाल्याला गाठत आणि डाव्या पंजाने सगळा कागद झाकून सहीपुरती जागा मोकळी ठेवत. कँटीनवाला एकदा म्हणाला, "साहेब, मी कशाचा साक्षीदार आहे, तेवढं तरी कळू द्या." साहेब म्हणाले, "तुमच्या सहीचा."

पहिला लिफाफा फंडाच्या खिडकीत सरकवला तेव्हा कारकुनाने तो परत सरकवला होता. "साहेब, फॉर्म उघडा द्यायचा असतो. मला वाचून नोंद करावी लागते." झालं. साहेबांचा आवाज भट्टीपर्यंत गेला. माझ्या घरातल्या गोष्टी तुम्हाला वाचायच्यात का, तुमचा काय संबंध, मी वरपर्यंत जाईन. आणि खरंच गेले. चार पानी तक्रार केली. मॅनेजर वैतागून कारकुनाला म्हणाला, "घ्या हो त्यांचा लिफाफा, ब्याद टळू दे." तेव्हापासून कारकून निमूटपणे लिफाफा घेई, छापील पावतीवर एक ओळ लिही, शिक्का मारी आणि पावती देई. साहेब ती पावती घरी आणून टेबलावर थाप मारून ठेवत. "शिक्का बघा. हे असं पक्कं काम असतं."

आता त्यांच्या बायकोबद्दल. ती लग्नाच्या आधी आणि नंतरही काही वर्षं एका शिंप्याच्या दुकानात कापड बेतायची. हात असा बसलेला, की मापं एकदा ऐकली की खडूची खूण न करताच कात्री चालवायची, आणि बोटभर कापड वाया जात नसे. शिंपी गिऱ्हाइकांना सांगे, शिवतो मी, पण दुकान या बाईच्या कात्रीवर चालतं. फॉर्मचा खेळ सुरू झाला त्याच वर्षी साहेब तिला म्हणाले, "दोघं कमावतात त्या घरात वारस कशाला हवा? तुझं तू बघशील. कामावर जायचं तर जा, तुझे पन्नास मी पोरांच्या नावावर करतो."

तिने काम सोडलं. हे ऐकून कुणी तिला भित्री म्हणेल. म्हणू दे. पण ते कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहत होते. दोन खोल्या, त्याही साहेब गेले किंवा निवृत्त झाले की तीन महिन्यांत खाली करायच्या. गाठीला स्वतःचं घर नाही, जमीन नाही. साहेबांच्या पगारातून जे काही साठत होतं ते त्या फंडात. नवऱ्याच्या मायेची आशा तिने पहिल्याच वर्षी सोडली होती, पण म्हातारपणी कुणाच्या दारात उभं राहायला लागू नये, एक खोली असावी आणि तिची कडी आपण आतून लावावी, एवढं तिला हवं होतं. त्या खोलीचं भाडं त्या टक्क्यांत होतं. म्हणून ती मीठ चाखून चाखून घालायला लागली, हसण्याआधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायला लागली, आणि सव्वीस वर्षं मूग गिळून बसली.

अकरा वर्षांपूर्वी तिची आई अंथरुणाला खिळली. माहेर बसने एका दिवसावर. भावाचा फोन आला, "ताई, निघून ये. आई सारखी तुझं नाव घेतेय." तेव्हा ती चाळीस टक्क्यांवर होती. साहेब जेवत होते. घास न थांबवता म्हणाले, "जा की. पण आलीस की दहावर असशील. मला इथे कोण करून घालणार?"

ती उभ्या उभ्या विचार करत राहिली. एका बाजूला आई आणि एका बाजूला चाळीसचे दहा. असा हिशेब आपण केला, याची तिला आजही लाज वाटते. तिने भावाला सांगितलं, यांची तब्येत बरी नाही, दोन-चार दिवसांत येते. आठव्या दिवशी आई गेली. ती पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. भाऊ एक शब्द बोलला नाही. त्याने तिला चहा करून दिला. तो दोन शब्द टाकून बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं.

पुढे थोरली लग्न करून लांब गेली, धाकटा नोकरीला परगावी गेला. जाताना म्हणाला, "बाबा, माझे टक्के तुम्हीच ठेवा, प्रवासात सांडतील." साहेबांनी त्याला शून्यावर आणलं, आणि याला कसं काहीच वाटत नाही म्हणून आठवडाभर चिडचिड केली. घरात आता नाचवायला एकच माणूस उरलं होतं.

मग साहेब निवृत्त झाले. कारखान्याने भिंतीवरचं घड्याळ दिलं. मॅनेजर बोलला, कँटीनवाल्याने चहा दिला, आणि भट्टीवरचे लोक आले नाहीत, कारण त्यांची पाळी होती असं त्यांनी सांगितलं. वाईट कुणालाच वाटलं नाही. नव्या स्टोअरकीपरने त्याच दिवशी दुपारी कपाट उघडून ज्याला हवे त्याला हातमोजे वाटले.

निवृत्तीनंतर फंडाचे पैसे दरमहा मिळणार होते आणि ते कसे घ्यायचे याचे दोन मार्ग होते. पहिला मार्ग घेतला तर साहेब जिवंत असेपर्यंत पूर्ण रक्कम, पण ते गेले की तिथेच बंद. दुसऱ्यात दरमहा पाचवा हिस्सा कमी, पण त्यांच्यामागे बायकोला ती असेपर्यंत तेवढेच पैसे चालू. आणि पहिला मार्ग निवडायचा तर बायकोने फंडाच्या कचेरीत येऊन, कारकुनासमोर, मला मान्य आहे अशी सही करायची. म्हणजे बायकोला वाऱ्यावर सोडायला बायकोचीच परवानगी. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, पण साहेबांना पाय धरायचीसुद्धा अक्कल नव्हती.

"उद्या माझ्याबरोबर यायचंय," ते म्हणाले. "एक सही आहे."

"कशावर?"

"तुला कळायचं नाही ते."

ते आंघोळीला गेले तेव्हा तिने कागद वाचला. तिला नीट कळलं. ते बाहेर आल्यावर तिने विचारलं, "तुमच्यामागे मी काय करायचं?"

"माझ्यामागे? माझ्या मरणाची एवढी घाई झालीय तुला?" साहेबांनी टॉवेलने कान पुसले. "पोरं आहेत की. आणि हे बघ, सगळे कागद पुरे होईपर्यंत जुना वारसाचा फॉर्म चालू असतो. पंधरा आहेत तुझे त्यात. सही केली नाहीस तर तेही जातील."

त्या दुपारी तिने सही करायचं जवळजवळ ठरवून टाकलं होतं. खरं तर त्यात ठरवण्यासारखं काही नव्हतं, सव्वीस वर्षांची सवय होती. थोरलीच्या घरी कोपरा मिळेल का, याचा विचार करत तिने भाजी निवडली. थोरलीचं घर दोन खोल्यांचं, त्यात तिचे सासू-सासरे. मग धाकटा. धाकट्याची अजून स्वतःचीच सोय नाही. तिने दोन्ही दारं मनातल्या मनात वाजवून पाहिली आणि भाजी तशीच निवडत राहिली.

फंडाच्या कचेरीत तो जुना कारकून आता नव्हता. तो चार वर्षांपूर्वी निवृत्त झाला होता आणि त्याच्या जागी एक तिशीतली बाई बसायची. लोखंडी कपाटं, टेबलावर स्टँपपॅड, काचेवर नियम चिकटवलेले. बाईने दोघांना आत बोलावून खुर्च्या दिल्या आणि कपाटातून साहेबांची फाइल काढली. फाइल एवढी फुगली होती, की तिला दोन फितींनी बांधलं होतं.

"काका, आधी हे तुम्ही परत घ्या," बाई म्हणाली आणि तिने लिफाफ्यांचा गठ्ठाच टेबलावर ठेवला. "अठ्ठ्याऐंशी आहेत. मोजून घ्या आणि इथे सही करा."

"परत?" साहेब म्हणाले. "ते वारसाचे फॉर्म आहेत. परत कसले करता?"

"असतील. पण आम्हाला काय माहीत आत काय आहे? तुम्हीच वर लिहिलंय, मृत्यूनंतरच उघडावे. न उघडलेला फॉर्म नोंदवणार कसा, काका? आणि पावतीवर दर वेळी लिहून दिलंय की." तिने फाइलमधली एक कार्बनप्रत काढून वाचली. "सीलबंद लिफाफा मिळाला. फॉर्म मिळालेला नाही, नोंद केलेली नाही."

कारखान्यातल्या एकेकाला नियम तोंडपाठ म्हणून दाखवणारा हा माणूस. फोड रजिस्टरात येत नाही म्हणणारा. घरी याच्याकडे अठ्ठ्याऐंशी पावत्या चिमट्यात लावून ठेवलेल्या होत्या आणि त्याने त्यांच्यावरचा फक्त शिक्का पाहिला होता. अठ्ठ्याऐंशी वेळा एक ओळ वाचायचे कष्ट घेतले नाहीत, कारण ती दुसऱ्याने लिहिलेली होती.

"मग नोंद कुणाची आहे?" बायकोने विचारलं. कचेरीत आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलली.

बाईने फाइलचं अगदी तळचं पान काढलं. कागद पिवळा पडला होता. "हा एकच फॉर्म आहे नोंदलेला, तुमच्या लग्नानंतरच्या आठवड्यातला. कारकुनाच्या अक्षरात आहे, त्याने लिहिला असेल आणि काकांनी सही केली असेल. तुमचं नाव आहे, काकू. शंभर टक्के."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. एकतीस वर्षं झाली."

तिला आधी हसू आलं. खरंच आलं, आणि साहेबांच्या चेहऱ्याकडे न बघताच ती हसली. अठ्ठ्याऐंशी वेळा लाख वितळवली या माणसाने, बोटं भाजून घेतली, आणि हाताला काय लागलं, तर पावत्या! मग तिला शिंप्याचं दुकान आठवलं आणि हसू गेलं. तिने हात पुढे करून गठ्ठ्यातला वरचा लिफाफा उचलला आणि फोडला.

"अगं, ते गोपनीय आहे!" साहेब म्हणाले.

बाईने एकदा दोघांकडे पाहिलं, आणि मग तिला कपाटात काहीतरी शोधायचं आठवलं.

फॉर्मच्या शेवटी शेऱ्याचा एक रकाना होता. लोक तो कोराच ठेवतात. साहेबांनी त्यात कारणं लिहिली होती, स्टोअरमधल्या रजिस्टरात लिहावीत तशी, बारीक आणि सुवाच्य अक्षरात. 'भाजीत मीठ.' 'माहेरी तीन दिवस सांगून पाच दिवस राहिली.' 'भाच्यासमोर चहा उशिरा.' 'थोरलीचा फोन स्वतः आधी घेतला.' एका फॉर्मवर नुसतंच होतं, 'हसली. कारण विचारता सांगितले नाही.' तिचे त्या दिवशी चार गेले होते. ती आठवायचा प्रयत्न करत होती की आपण कशाला हसलो होतो, आणि तिला आठवलं नाही.

मग ती बाहेरच्या तारखा बघत गठ्ठा चाळायला लागली. एक विशिष्ट आठवडा तिला हवा होता. अकरा वर्षांपूर्वीचा. लिफाफा सापडला. भावाचा फोन आला त्याच्या चौथ्या दिवसाची तारीख होती. म्हणजे आई आणखी चार दिवस होती तेव्हाची.

तिने सील फोडलं. बायको, दहा टक्के. शेरा: 'गेली नाही. पण तोंड पाडून बसते. जेवणात लक्ष नाही.'

इतका वेळ या माणसाला अहोजाहो केलं, ते पुरे झालं.

ती त्या ओळीकडे बघत बसली. ज्या चाळीससाठी ती आईकडे गेली नव्हती, त्यांचे दहा त्याने ती घरात असताना, तिला न सांगताच, केले होते. त्या दिवशी संध्याकाळी निघाली असती तरी आई भेटली असती. तो कागद लिहून उठला असेल आणि तिने वाढलेलं जेवला असेल. आणि ती त्याला पोटभर वाढत होती, चाळीस जाऊ नयेत म्हणून. नवऱ्याचा राग तिला नंतर आला. आधी स्वतःची किळस आली, की इतकी वर्षं आपण घाबरलो ते या असल्या माणसाला!

तिने तो कागद त्याच्यासमोर सरकवला. त्याने तो वाचला, आणि आपली बाजू बळकट झाल्यासारखा तो सावरून बसला.

"अगं, रागाच्या भरात लिहितो माणूस काहीबाही," तो म्हणाला. "आणि नोंद तर झालीच नव्हती ना? ऐकलंस ना तू? शंभरचे शंभर तुझेच होते. मग तुझं नुकसान काय झालं, सांग बरं?"

बाई परत खुर्चीवर येऊन बसली होती आणि तिने पहिल्या मार्गाचा फॉर्म दोघांच्या मध्ये ठेवला होता. वर तिचं स्वतःचं पेन. साहेबाने तो फॉर्म बायकोकडे ढकलला. "चल, आता उरकून टाक. इथे कर, खूण केलीय तिथे."

"काकू, तुम्ही वाचलाय ना हा?" बाईने विचारलं. "सही केलीत तर काकांच्या नंतर तुम्हाला काही मिळणार नाही. केली नाहीत तर दुसरा मार्ग आपोआप लागू होतो. काकांना दरमहा पाचवा हिस्सा कमी मिळेल, आणि नंतर तुम्हाला तेवढेच चालू राहतील. जबरदस्ती कुणाचीच नाही."

"वाचलाय," ती म्हणाली. "मी सही करणार नाही."

तो तिच्याकडे बघतच राहिला. तिच्या तोंडून 'नाही' त्याने इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं, आणि ते ऐकून काय करायचं असतं हे त्याला माहीत नव्हतं. मग त्याला एकदम सगळं कळल्यासारखं झालं. त्याने बाईकडे बघून हात पसरले. "बघितलंत? बघितलंत ना? माझ्यामागे हिला मिळावं म्हणून चाललंय हे सगळं! मी कधी जातो याची वाट बघतेय ही!"

"तुमच्यामागे मिळावं म्हणून नाही," बायको म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुम्ही खूप जगा. दर महिन्याला पैसे आले की ते तुम्हाला कमी पडायला हवेत. म्हणून नाही करत सही."

तिने पेनाला टोपण लावलं आणि ते बाईला परत दिलं.